हवेची पैमाश

(अकोला येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज दुपारी अमरावतीहून इकडे येताना बडनेरा मागे पडल्यावर जो रस्ता लागतो, त्याच्या एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ च्या जून महिन्यात १०५ तास ३३ मिनिटांत पुरे झाल्याची नोंद गिनेस बुकात आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गाडी चालवीत होता माझा एक माजी विद्यार्थी. मूर्तिजापूर आले तेव्हा तो म्हणाला, "सर, आमचं पहिलं सिम्युलेशन याहून जास्त वेळ चाललं होतं, आणि शेवटी उखडून पुन्हा करावं लागलं." त्या उखडण्याची हकीकत हाच आजचा माझा विषय आहे.

देवमाशाचा उल्लेख असलेला हा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हा माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मोठ्या काळजीने विचारणा केली की, सातपुडा आणि अजिंठा या दोन डोंगररांगांच्या मध्ये वसलेल्या या आपल्या मुलखात, जेथे खारे पाणी म्हणून जे काही आहे ते पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्ट्यातल्या विहिरींत, तेथे देवमाशाचे प्रयोजन काय? हरकत रास्त होती. मी त्यांना एवढेच सांगितले की देवमासा वऱ्हाडात यावयाचा नाही, परंतु त्याच्या पराची एक नक्कल अमरावतीजवळच्या एका महाविद्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर चढलेली मी स्वतः पाहिली आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्या गुरुजींनी मला अंकगणित शिकविले. त्यांचे वडील येथल्याच एका जिनिंगच्या पेढीवर मुनीम होते, आणि त्या पेढीवरचा एक शब्द गुरुजींनी वर्गात आणला होता. उत्तराखाली दोन रेघा मारून आम्ही वही पुढे केली की ते उत्तराकडे न पाहता विचारीत, "रुजवात कुठे आहे?" खतावणी आणि रोजकीर्द एकमेकींशी जुळवून पाहिल्याखेरीज हिशेब पुरा झाला असे मुनीम मानीत नाही, गणितातही दुसऱ्या वाटेने जाऊन तेच उत्तर आले पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. उत्तर बरोबर असूनही रुजवात नाही म्हणून त्यांनी माझे गुण कापल्याचे मला स्मरते, आणि त्याचा राग पुढे पुष्कळ वर्षे माझ्या मनात होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आता त्या देवमाशाकडे वळू. कुबड्या देवमासा या नावाने जो ओळखला जातो तो चौदा-पंधरा मीटर लांबीचा आणि पंचवीस-तीस टन वजनाचा प्राणी असून त्याचे पुढचे दोन पर शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एकतृतीयांश भरतात. त्याच्या शास्त्रीय नावातील 'मेगाप्टेरा' या पदाचा अर्थच मोठ्या पंखांचा असा आहे. आपल्या अरबी समुद्रात या जातीचा एक लहानसा, शंभराच्या आतबाहेरचा कळप आहे, जो इतर देवमाशांसारखा ध्रुवाकडे जातयेत नाही. त्यातील 'लुबान' नावाच्या एका मादीच्या पाठीवर ओमानच्या किनाऱ्याजवळ २०१७ च्या अखेरीस उपग्रहाशी बोलणारी खूण बसविण्यात आली, तेव्हा ती सरळ समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दक्षिणेच्या टोकापर्यंत जाऊन माघारी फिरली. लुबान म्हणजे आपला धुपाटण्यातला लोबानच. तेव्हा पाहुणी अगदीच परकी नव्हे.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक फिश हे बॉस्टनमधील एका दुकानात या देवमाशाची मूर्ती पाहून थबकले, कारण तिच्या पराच्या पुढच्या कडेवर, जी कड पाणी कापीत जाते तिच्यावर, ओळीने गाठी घडविलेल्या होत्या. पंख असो वा पाते, त्याची अग्रधार गुळगुळीत असावी हा त्या वेळचा पाठ. तेव्हा मूर्तिकाराची चूक झाली असे फिश म्हणाले, आणि दुकानाच्या व्यवस्थापिकेने मूर्तिकाराची बाजू घेऊन छायाचित्रच पुढे ठेवले. गाठी खरोखरीच तेथे होत्या. पुढे २००४ साली मिक्लोसोविक, मरे, हाऊल आणि फिश या चौघांनी पराच्या दोन प्रतिकृती, एक गुळगुळीत आणि एक गाठींची, अमेरिकन नौदल अकादमीच्या वातविवरात, म्हणजे मोजका वारा सोडण्याच्या बंदिस्त बोगद्यात, तपासल्या. गाठींच्या पराने वाऱ्याची साथ सुमारे ४० टक्के अधिक तिरक्या कोनापर्यंत टिकविली, उचल ६ टक्क्यांपर्यंत वाढली आणि ओढ ३२ टक्क्यांपर्यंत घटली, असे त्यांनी प्रसिद्ध केले.

वाऱ्याची साथ म्हणजे काय, हे थोडे फोड करून सांगितले पाहिजे. पाते वाऱ्याला थोडे तिरके धरले की वारा त्याच्या पाठीवरून चिकटून वाहतो आणि पाते वर उचलले जाते. तिरकेपणा वाढवीत नेला की उचलही वाढत जाते. पण एका कोनाशी वारा अकस्मात पात्याची पाठ सोडतो, मागे नुसते भोवरे उरतात आणि उचल कोसळते. यास वैमानिक स्टॉल म्हणतात. बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाल्यापासून आमच्या अमरावतीत पोरेटोरेही विमानाच्या गप्पा मारतात. त्यांनाही हा शब्द आता ठाऊक असावा. देवमाशाच्या दोन गाठींमधल्या खोबणीतून पाणी वेगाने निघते, गाठीच्या दोन्ही अंगांना उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी उठते, ती पराच्या पाठीवरील थकलेल्या प्रवाहात नवा जोम ओतते, आणि सबंध पर एकदम दगा न देता एकेक वाफा सुटावा तसा टप्प्याटप्प्याने सुटतो. एवढे अवजड धूड बुडबुड्यांच्या रिंगणात माशांना कोंडण्यासाठी लहान वर्तुळात वळते ते या बळावर.

ही हकीकत अमरावतीकडच्या एका महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी वाचली आणि ड्रोनच्या प्रोपेलरला अशाच गाठी देऊन काय होते ते संगणकावर पाहण्याची तजवीज केली. मी त्या वेळी सेवानिवृत्त होऊन अधूनमधून तेथे जात असे. त्यांच्यात दर्यापूरकडची एक मुलगी होती. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, त्या वर्षी तिच्या वडिलांनाही पाठीवरच्या पंपाने असाच त्रास झाला होता, आणि ते थोडक्यात निभावले होते. बाकी तिघांना प्रकल्प हवा होता. हिला फवारणीचा ड्रोन हवा होता.

संगणक वाऱ्याचे गणित कसे करतो, हे सांगताना वऱ्हाडी माणसाला परका दृष्टांत देण्याचे कारण नाही. इंग्रजांनी वऱ्हाड घेतल्यावर, १८६० नंतरच्या वर्षांत, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे पैमाश केली. सबंध मुलूख सर्व्हे नंबरांत तोडला, प्रत्येकाला हद्दीचे दगड घातले, आणि ज्याचा त्याचा आकार ज्याच्या त्याच्या नावे लिहिला. प्रोपेलरभोवतीच्या हवेचीही अशीच पैमाश करतात. तिचे वीस-तीस लाख बारीक वाफे पाडतात, आणि प्रत्येक वाफ्याचा जमाखर्च मांडतात: किती हवा आली, किती गेली, किती जोर घेऊन आली, किती जोर देऊन गेली. नाविएने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये सिद्ध केलेली जी समीकरणे आहेत, त्यांना दर वेळी सुरळीत उत्तर असतेच की नाही हे अद्याप कोणाला सिद्ध करता आलेले नाही आणि ते करणाऱ्यास २००० सालापासून दहा लाख डॉलरचे बक्षीस लावलेले आहे. पण एकेका वाफ्यापुरता त्यांचा हिशेब संगणक करू शकतो. या कारभाराचा मूळ कायदा असा की, या वाफ्याच्या धुऱ्यावरून जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच शेजारच्या वाफ्यात जमा झाली पाहिजे. धुऱ्याची भांडणे कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चालतात हे आपल्याला नवे नाही; संगणकातही निकाल लागत नाही तो धुऱ्यावरच. पहिल्या फेरीत कोणाचाच हिशेब जुळत नाही. मग संगणक पुन्हापुन्हा सगळे वाफे फिरतो, आणि हजारो फेऱ्यांनंतर तूट इतकी बारीक होते की ती सोडून द्यावी.

या कामास लागणारी 'ओपनफोम' नावाची आज्ञावली फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने ती आपल्या देशातील गावोगावच्या महाविद्यालयांपर्यंत पोचविली आहे. या एका गोष्टीचे महत्त्व मला फार वाटते. आमच्या विद्यार्थिदशेत वातविवर पाहावयाचे तर बंगळूरला जावे लागे, आणि मी गेलो तेव्हा मला त्याचे कुलूप तेवढे पाहावयास मिळाले.

परंतु वाफे कोठे मोठे पाडावेत आणि कोठे बारीक, हे आज्ञावली सांगत नाही. पात्याला अगदी लगटून वाहणारा जो हवेचा पापुद्रा, त्याला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांट्ल याने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत एक लहानसा निबंध वाचून दाखवून दिले की पात्याची सारी कर्मकथा या पापुद्र्यात घडते. वारा पाठ सोडतो तोही येथेच. याच प्रांट्लजवळ ग्योटिंगेन येथे कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे शिकले, आणि परत येऊन त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान घडविले, जे १९५१ च्या ऑगस्टमध्ये आकाशात चढले. घाटग्यांचे नाव आज या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? याउलट १८९५ मध्ये चौपाटीवर तळपदे यांनी विमान उडविल्याची आख्यायिका ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. शिवकर बापूजी तळपदे हे खटपटी गृहस्थ होते, त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. पण जे उडाल्याचा दाखला नाही त्याचे पोवाडे आणि जे उडाले त्याचे विस्मरण, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा या संदर्भात नेहमी हवाला देतात त्या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथ विसाव्या शतकापूर्वीचा नव्हे, असा निवाडा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ साली केला. त्यांतील एक, सु. म. देशपांडे, पुढे याच हवेच्या पैमाशीच्या शास्त्रात स्वतःची पद्धत देऊन गेले.

असो. आमच्या चौघांनी पहिले सिम्युलेशन लावले ते दिवाळीच्या सुट्टीत. पाच दिवस यंत्र चालले. निकाल आला, आणि गाठींच्या पात्याची उचल साध्या पात्याहून घसघशीत वाढलेली दिसली. त्यांनी पेढे आणले. मी एक पेढा खाल्ला आणि मग विचारले, "रुजवात कुठे आहे?" चौघे एकमेकांकडे पाहू लागले.

पहिली रुजवात अशी की वाफे दुप्पट बारीक करून तोच हिशेब पुन्हा मांडावा. उत्तर हलले तर पहिले उत्तर हवेचे नव्हते, पैमाशीचे होते. त्यांच्या जाळीत गाठींच्या भोवती इतके मोठे वाफे पडले होते की गाठींचा आकार त्यांत बोथट झाला होता, जणू नदीचे वळण नकाशात सरळ रेघ होऊन जावे. जाळी बारीक केली तशी वाढ ओसरली. आणखी बारीक केली तेव्हा, ड्रोन स्थिर तरंगत असताना, गाठींच्या पात्याची उचल साध्याहून किंचित उणी भरली. मुलांचे चेहरे पडले. दर्यापूरची मुलगी मात्र वहीत काही लिहीत होती.

तिने लिहिले होते ते रेनॉल्ड्‌स यांच्या अंकाचे गणित. ऑस्बोर्न रेनॉल्ड्‌स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगीत पाणी सोडून दाखविले की प्रवाह शांत राहील की उसळेल हे वेग, आकार आणि पाण्याचा चिकटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरते. पोहणाऱ्या देवमाशाच्या पराला हा अंक दहा लाखांच्या घरात पडतो. नौदल अकादमीच्या प्रयोगात तो पाच लाखांच्या आसपास होता. आमच्या मुलांचे पाते दहा इंच व्यासाचे, मिनिटाला सहा हजार फेरे घेणारे. त्याचा अंक निघाला ऐंशी हजार. हवा तेथे देवमाशाच्या पाण्यासारखी वागतच नाही. तिच्या दृष्टीने ते पाते जणू काकवीतून फिरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना प्रसिद्ध निबंध सापडले, ज्यांत अशाच लहान अंकांवर गाठींचे पंख तपासून हेच लिहिले होते: वारा पाठ सोडण्यापूर्वी गाठींनी थोडे नुकसान, आणि सोडल्यानंतर मोठा फायदा, २००७ सालच्या एका तपासणीत तर स्टॉलनंतरची उचल गुळगुळीत पंखाहून ५० टक्क्यांपर्यंत अधिक भरली होती. देवमासा वळताना आपला पर स्टॉलच्या त्या कड्यावर नेऊन उभा करतो. नीट आखलेले प्रोपेलर त्या कड्याच्या जवळपासही फिरकत नाही. माशाच्या अडचणीचा तोडगा आम्ही अडचण नसलेल्या पात्यावर लादला होता.

दुसरी रुजवात वजनकाट्याची. पाती त्रिमितीय छपाईने काढून घेतली, एका लाकडी तरफेच्या टोकाला मोटर बांधली, आणि दुसरे टोक वजनकाट्यावर टेकविले. हे झाले मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीवरचा तापमापक ४४ अंश दाखवीत असताना. कूलर लावावा तर त्याचा वारा मोजणीत मिसळणार, म्हणून तोही बंद. काट्यावरचा आकडा संगणकाच्या आकड्याहून सुमारे एकअष्टमांशाने कमी आला. साध्या पात्याचाही, गाठींच्या पात्याचाही. मुलांनी आधी काट्याला दोष दिला, मग मोटरला, मग विजेच्या दाबाला. शेवटी कोणीतरी नमुन्याची ती फाईल उघडली, जीत हवेची घनता लिहावयाची असते: तेथे १.२२५ हा आकडा नमुन्यात होता तसाच राहिला होता. हा आकडा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेचा. अमरावतीची उंची आणि मे महिन्याचे ४४ अंश धरले तर घनमीटरला १.०७ किलोच्या आसपास हवा उरते. कसूर कोणाचीच नव्हती. मुलांनी वऱ्हाडातल्या पात्याला युरोपातल्या वसंताची हवा खाऊ घातली होती, एवढेच. आकडा बदलला आणि दोन्ही हिशेब एकमेकांना येऊन भिडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना हे काही रुचले नाही. "म्हणजे तुमचा प्रकल्प अयशस्वी झाला," असे म्हणून त्यांनी गुण दिले, आणि ते बेताचेच दिले. आपल्याकडच्या प्रकल्पवहीत शेवटच्या प्रकरणाला यशाची मोहर लागलेली नसेल तर आधीच्या पन्नास पानांची किंमत होत नाही, हा प्रघात जुना आहे, आणि तो मोडताना मी कोणालाही पाहिलेले नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घालावयास हवा होता.

प्रकल्प संपला, पण त्या मुलीचा हिशेब संपला नव्हता. फवारणीचा ड्रोन म्हणजे दहा इंचांचे खेळणे नव्हे. त्याचे पाते तीस इंचांपर्यंतचे, टाकी दहा लिटरची, एका भरणीत साधारण एकराची फवारणी. त्या पात्याचा रेनॉल्ड्‌स-अंक तीन लाखांवर जातो, म्हणजे नौदल अकादमीच्या प्रयोगाच्या पुष्कळ जवळ. शिवाय त्याला स्थिर तरंगावयाचे नसते. बांधावरच्या झाडाआडून वाऱ्याचा झोत आला, पऱ्हाटीच्या ओळीच्या टोकाशी झपकन वळावे लागले, टाकीतले औषध एका अंगाला हिंदकळले, की पात्याचा कोन क्षणभर कड्याकडे सरकतो. तेथे गाठींचा टप्प्याटप्प्याने सुटणारा स्वभाव कामी येईल का, हा प्रश्न उरतो, आणि तो पहिल्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण त्यात हवा स्थिर धरून चालत नाही. क्षणाक्षणाची पैमाश करावी लागते. दुसरे असे की या ड्रोनच्या पात्यांना दुहेरी काम असते. ड्रोन तोलून धरतानाच ती खाली जो वारा ढकलतात, त्याने तुषार पानांमध्ये शिरतात आणि पाने उलटीपालटी होतात; उचल थोडी घटूनही खालचा वारा सारखा पसरत असेल, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सौदा नफ्याचा ठरू शकेल. पाठीवरच्या पंपाला एकरी शे-दीडशे लिटर पाणी लागते, आणि मारणारा मनुष्य स्वतःच त्या तुषारांत चालतो. या दोन गोष्टींत हा सारा खटाटोप का करावा याचे उत्तर आहे.

तिने या कामासाठी पुढचे शिक्षण घेण्याचे ठरविले. गेल्या भाद्रपदात तिच्या गावी फवारणीचा एक ड्रोन प्रात्यक्षिकासाठी आला होता, तेव्हा तिने मला बोलावून घेतले. सकाळचे आठ वाजले असतील. ऊन अजून तापले नव्हते. ड्रोनला साधीच पाती होती. आम्ही धुऱ्यावर उभे होतो. ड्रोन पऱ्हाटीवरून माणसाच्या उंचीवरून सरकत गेला तशी पाने लाटेसारखी वाकली, आणि त्यांची फिकट पाठ क्षणभर वर झाली. पोरीने आपल्या वडिलांना हातवारे करून सांगितले की पात्याला गाठी असत्या तर वारा कसा वेगळा सुटला असता, किती लाख वाफे पाडावे लागतात, वगैरे. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. मग ते वावरात उतरले, खालचे एक पान देठाशी धरून उलटे केले आणि बोटाने चाचपले.

"माशाचं पातं हाये का साधं, थे मले काई समजत नाई," ते तिला म्हणाले, "पण इकडं ये, पानाच्या खालून ओलं झालं का थे पाय."

ती खाली उतरली. दोघे बापलेक ओळीने एकेक पान उलटे करीत पार वावराच्या त्या टोकापर्यंत गेली.